पूजेतलं सोनेरी कार्ड

विमान वेळेवर सुटलं तर आमच्या ऑफिसात मला कोणी फोन करत नाही. तिकीट काढायला आलेले लोक भालेराव सरांशी बोलतात, त्यांच्या केबिनमध्ये चहा पितात, दोन-पाचशे कमी करा म्हणतात. माझ्यापर्यंत प्रकरण येतं ते विमान रद्द झालं की. मग मात्र अंबडच्या कारखान्यांमधले मॅनेजर, द्राक्षं परदेशी पाठवणारे बागायतदार, अशी एरवी माझ्या टेबलाकडे न बघता पुढे जाणारी माणसं मला नावाने हाक मारतात. "मृणालताई, जरा बघा ना." त्यांच्या आवाजावरून मला आधीच कळतं, माणूस विमानतळावर कितव्या तासाला उभा आहे.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या ऑफिसात मला सात वर्षं झाली. सर सोडून आम्ही चौघं. मला समोरासमोर बोलायचा संकोच वाटतो, म्हणून सरांनी पहिल्याच महिन्यात मला कोपऱ्यातला कॉम्प्युटर दिला आणि म्हणाले, "तू बोलू नकोस, तू फक्त जागा शोध." अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. इंग्रजी माध्यमात शिकले, मराठीत एवढं सलग दहावीच्या निबंधानंतर लिहिलेलं नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

आधी थोडं कार्डांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

जास्त प्रवास करणाऱ्यांना विमान कंपन्या कार्ड देतात. निळं, चंदेरी, सोनेरी. निळं कोणालाही फुकट मिळतं आणि त्याचा उपयोगही बेताचाच. सोनेरी मिळवायला वर्षभर आकाशात राहावं लागतं. लोकांना वाटतं, सोनेरी कार्ड म्हणजे विमानतळावरच्या लाउंजमधलं जेवण आणि मऊ खुर्ची. ते असतंच, पण त्याचा खरा उपयोग विमान रद्द होतं त्या दिवशी. समजा अडीचशे माणसांचं विमान गेलं नाही आणि पुढच्या विमानात नऊ जागा आहेत. त्या नऊ कोणाला द्यायच्या? कॉम्प्युटर यादी करतो. आधी कार्डाचा रंग बघतो, मग तिकीट किती महागाचं होतं ते, मग बाकीचं. काउंटरसमोर सगळ्यांत पुढे उभा असलेला माणूस त्या यादीत शंभरावा असू शकतो आणि रांगेत दिसतसुद्धा नाही असा कोणी पहिला असतो. कार्डवाल्यांचा फोन नंबरही वेगळा. तिथे दोन मिनिटांत माणूस बोलतो. साध्या नंबरवर दोन तास संगीत ऐकावं लागतं. मला त्या सगळ्या कंपन्यांचं संगीत पाठ आहे.

कार्ड काय करू शकत नाही, हे समजावणं जास्त अवघड. पिंपळगावचे एक बागायतदार कसाऱ्याच्या घाटात अडकले होते आणि मुंबईचं विमान सुटायला दीड तास उरला होता. त्यांनी मला फोन केला.

"मृणालताई, विमान थांबवायला सांगा."

"साहेब, तसं थांबवत नाहीत."

"अहो, माझं गोल्ड आहे!"

"गोल्ड असलं तरी नाही थांबत. पण चुकलं ना, तर पुढच्या विमानात तुम्हाला लवकर जागा मिळेल."

ते म्हणाले, "म्हणजे आधी चुकवायचं, मग ते कामाला येणार? बरंय! आरोग्य विम्यासारखंच झालं हे." त्या दिवशी मी ऑफिसात पहिल्यांदा मोठ्याने हसले. सर केबिनमधून बाहेर येऊन बघून गेले.

दुसरी एक आठवण हसण्यासारखी नाही. देवळालीचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या मिसेस मुलाकडून परत येत होते. धुक्यामुळे विमान रद्द झालं. मी त्यांना पुढच्या विमानाच्या प्रतीक्षा यादीत घातलं, तिसरा आणि चौथा नंबर. अर्ध्या तासाने बघते तर सातवा आणि आठवा. मधे कार्डवाले येऊन बसले होते. मास्तर फोनवर अगदी शांतपणे म्हणाले, "आम्ही मागे कसे गेलो, मृणाल? आम्ही तर होतो तिथेच उभे आहोत." मी नियम सांगितला. ते म्हणाले, "अस्सं." दोन दिवस त्यांनी तिथल्या हॉटेलात काढले आणि परत आल्यावर माझ्यासाठी चॉकलेटचा डबा घेऊन आले. तो डबा मी घरी नेला नाही. ऑफिसात वाटून टाकला.

ही व्यवस्था न्यायाची आहे असं मी म्हणणार नाही. पण ती आहे. आणि एकदा, गेल्या वर्षीच्या नवरात्रात, मी ती अशी काही वापरली की आजही आठवलं तरी हसू येतं.

प्रशांत गांगुर्डे हा आमचा नेहमीचा प्रवासी. घर चांदवडचं, नोकरी अंबडला. त्याचा कारखाना मोठी यंत्रं बनवून परदेशात विकतो आणि ती तिथे जाऊन बसवून, चालू करून द्यायचं काम प्रशांतचं. त्यामुळे तो महिन्यातून पंधरा दिवस नाशिकमध्ये नसतो. मितभाषी मुलगा. आमचं त्यामुळे बरं जमायचं. तो मेसेज पाठवायचा, "यायचंय", मी उत्तर पाठवायचे, "काढते".

त्याचं लग्न ठरत होतं. मुलगी मनमाडची, रूपाली. तिचे वडील निकमकाका रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. प्रशांत मुलगी बघायच्या पहिल्या तारखेला पोलंडमध्ये अडकला, कारण यंत्र चालू होईना. सुपारीच्या दिवशी त्याचं विमान चुकलं. तिसऱ्यांदा साखरपुड्याची तारीख ठरली ती दसऱ्याची, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, मनमाडला. निकमकाकांनी निरोप धाडला होता की या वेळी नवरा मुलगा आला नाही तर आपण दुसरं स्थळ बघायला मोकळे. हे सगळं प्रशांतनेच मला सांगितलं होतं, एका मेसेजमध्ये. शेवटी लिहिलं होतं, "प्लीज लवकरचं काढा." मी त्याला नवमीच्या दुपारी मुंबईत उतरवणारं तिकीट काढलं. जवळजवळ एक दिवस हातात. मला वाटलं, पुष्कळ झालं.

खंडेनवमीला सकाळी आमच्या ऑफिसात पूजा असते. कॉम्प्युटरना झेंडूचे हार, कीबोर्डला हळदकुंकू. सरांचा नियम असा की यंत्र चालू असतानाच पूजा करायची, कारण विमानं कुठे थांबतात? पेढा अजून माझ्या हातातच होता तेव्हा प्रशांतचा फोन आला. मेसेज नाही, फोन. तेवढ्यावरून मी समजले.

"मॅडम, कॅन्सल झालं." तो आखातातल्या एका विमानतळावर होता, तिथे विमान बदलायचं असतं. कंपनीचं नाव सांगत नाही, आमचं त्यांच्याशी रोज काम आहे. विमानात काहीतरी बिघाड होता. "यांनी मला उद्या संध्याकाळचं दिलंय. उद्या रात्री मुंबई."

उद्या रात्री म्हणजे दसरा संपलेला.

मी बघितलं. त्याच रात्री एक वाजताचं एक विमान होतं, पहाटे सहाला मुंबई. तिथून गाडीने मनमाड पाच तास. पोचला असता. पण ते विमान भरलेलं होतं आणि प्रतीक्षा यादीत प्रशांत एक्केचाळिसावा होता.

"एक्केचाळीस कसा?" मी म्हटलं. "तुझं गोल्ड आहे ना?"

"तेच म्हणतोय मी यांना! हे म्हणतात निळं दिसतंय."

आणि मग माझ्या लक्षात आलं. प्रशांतची त्या कंपनीत दोन खाती होती. एक आमच्या ऑफिसने उघडलेलं, निळं. दुसरं त्याने जुन्या नोकरीत असताना उघडलेलं. परदेशात तो स्वतः काढायचा ती सगळी तिकिटं त्या दुसऱ्या खात्यात जमा झाली आणि त्याला सोनेरी कार्ड आलं. जूनमध्ये तो मला म्हणाला होता, "नवीन कार्ड आलंय घरी, नंबर पाठवतो." तो पाठवायचा विसरला. मी आठवण करून द्यायला फोन करणार होते. आज करू, उद्या करू, उगाच कशाला त्रास द्यायचा, असं करत केला नाही, आणि तिकिटावर जुना निळा नंबर टाकला. ऑफिसात सगळ्यांना आजही वाटतं की घोटाळा त्या दोन खात्यांमुळे झाला. झाला माझ्यामुळे. भालेराव सर हा अंक वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

"नंबर सांग," मी म्हटलं. "मी इथून तिकिटावर चढवते आणि त्यांच्या कार्डवाल्या लाइनला फोन लावते."

"पाठ नाही."

"ईमेल?"

"जुन्या कंपनीचा आहे तो. बंद झाला."

"मग कार्ड बघून सांग."

मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. "कार्ड आईकडे आहे," तो म्हणाला. "आईने पूजेत ठेवायला मागून घेतलंय. फोनची बॅटरी नऊ टक्के आहे मॅडम, चार्जिंगपाशी पण रांग आहे."

मी त्याच्या आईचा नंबर घेतला आणि त्याला फोन बंद करून ठेवायला सांगितलं. नावावरून खातं शोधून मिळतं, पण साध्या लाइनवर, दोन तासांनी. तोपर्यंत यादीतले चाळीस जण गप्प बसणार नव्हते.

त्याच्या आईशी, मंदामावशींशी, मी त्याआधी कधी बोलले नव्हते. फोन उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या, "प्रशांतच्या हापिसातली का तू पोरी? विमान निघालं ना त्याचं?"

मी सांगितलं ते ऐकून त्यांनी "अगं माय गं" एवढंच म्हटलं. मग मी कार्डाचं सांगितलं.

"हाय ना. पूजेत मांडलंय. पान्याला टेकून."

"मावशी, ते जरा हातात घ्या आणि त्याच्यावरचा नंबर मला वाचून दाखवा."

"हातात नाय घेता येणार."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"आलं ऐकायला. पण पूजेत मांडलेली वस्तू उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हालवत नसतात. तुमच्यात हालवतात का?"

आमच्यात कॉम्प्युटरला हार घालून लगेच तिकीट काढतात, हे मी बोलले नाही. "पण मावशी, प्रशांतसाठीच पाहिजे."

"त्याच्यासाठीच मांडलंय ना मी! त्याचा बाप तराजू ठेवतो, कांदा मोजायचा. चुलता ट्रॅक्टरची चावी ठेवतो. मी म्हणलं, तुझं हत्यार काय रं बाबा? तर म्हणला, आई, पाना हाय आणि हे कार्ड हाय. हे असलं की विमान मला सोडून जात नाय. आता त्याच दिवशी सोडून गेलं बघ."

मग त्याच म्हणाल्या, "न हालवता वाचते की. थांब, चष्मा लावते." आणि वाचायला लागल्या, जोडी जोडीने. "एकोणऐंशी... त्र्याहत्तर... एकोणसाठ..." मी इंग्रजी माध्यमाची. त्र्याहत्तर म्हटलं की मला मनातल्या मनात साठ, सत्तर मोजत जावं लागतं. तोपर्यंत मावशी पुढच्या दोन आकड्यांवर. तीनदा परत वाचायला लावल्यावर मी ते केलं जे मी कधी कोणासाठी करत नाही. व्हिडिओ कॉल लावला.

आधी मावशींचं कपाळ दिसलं, मग पंखा, मग देवघराच्या खालचा पाट. तराजू, किल्ल्या, विळे, एक मोठा पाना, मोबाइलचा चार्जर. सगळ्यांवर झेंडू. आणि पान्याला टेकलेलं सोनेरी कार्ड, अगदी नवं, चमकणारं. त्यावर हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट. कुंकवाचं बरोबर शेवटच्या दोन आकड्यांवर.

आठ आकडे मी भराभर लिहून घेतले. आणि मग, घाईत, मी म्हटलं, "मावशी, ते कुंकू तेवढं पुसा ना."

चांदवडला सगळं शांत झालं. इथे केबिनच्या दारात सर उभे होते, त्यांनी कपाळाला हात लावला. टेबलांवरचे बाकीचे तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मग मला माझंच वाक्य ऐकू आलं. सवाष्ण बाईला, नवमीच्या दिवशी, मुलाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी काय पुसायला सांगितलं होतं! माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. फोन ठेवून द्यावा, नोकरी सोडावी, असंही क्षणभर वाटलं.

"सॉरी मावशी," मी म्हटलं. "मला तसं नव्हतं म्हणायचं."

स्क्रीनवर नुसता तो पाट दिसत होता. मग त्यांचा हात आला. त्यांनी करंगळीशेजारचं बोट अलगद कार्डावर टेकवलं आणि कुंकू त्या बोटावर घेतलं, जसं देवाच्या पायाचं घेतात तसं. मग फोन वळला आणि त्यांनी ते स्वतःच्या कपाळावर, आधीच्या कुंकवाच्या वर, लावलं.

"पुसायचं नसतं पोरी," त्या म्हणाल्या. "लावून घ्यायचं असतं. दिसतंय का आता?"

चार आणि सहा. कार्ड तसूभरही हललं नव्हतं.

पुढचं माझं नेहमीचं काम. तिकिटावर नंबर चढवला. कार्डवाल्या लाइनला फोन लावला, दोन मिनिटं दहा सेकंदांत एक बाई बोलायला लागली. इंग्रजीत मी वेगळीच असते, हे मला माहीत आहे. मराठीत शब्द शोधते, इंग्रजीत भांडते. तिला सांगितलं की तुमच्या सोनेरी प्रवाशाला तुम्ही निळा समजून एक्केचाळिसाव्या नंबरवर ठेवलंय. तिने बघितलं, माफी मागितली, मला लाइनवर थांबवलं. परत आली तेव्हा म्हणाली, आता तो यादीत तिसरा आहे, पण विमानात आत्तापर्यंत जागा एकच सुटली आहे. संध्याकाळपर्यंत आणखी सुटतील कदाचित. कदाचित.

तेवढ्यात ऑफिसच्या फोनवर मनमाडहून फोन, नंबर प्रशांतने आधीच देऊन ठेवला होता. सरांनी तो माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायला गेले.

"मी निकम बोलतोय. गांगुर्डेंच्या मुलाची गाडी कुठंय?"

"काका, विमान रद्द झालंय. आम्ही रात्रीच्या विमानासाठी..."

"रद्द! बघा. छत्तीस वर्षं नोकरी केली मॅडम मी. गाडी लेट झाली, फार लेट झाली, रूळ वाहून गेले तरी दुसऱ्या रस्त्याने नेली. तुमचं विमान नुसतं रद्द. बरं, वेटिंग किती?"

"तीन."

"आरएसी नसतं का तुमच्यात? निदान बसण्यापुरती जागा?"

"नाही काका."

"मग तीनवर काय विश्वास ठेवायचा? आमच्याकडे तीन म्हणजे कधी होतं, कधी नाही."

मी त्यांना कार्डाचं सांगितलं. यादी कशी लागते, सोनेरी आधी कसं येतं. पलीकडून एकदम, "अच्छा! म्हणजे कोटा! आमच्यात मुख्यालयाचा कोटा असतो, अर्जंट लोकांसाठी. तो लावला की वेटिंगवाला आत. असं सांगा ना सरळ. जावईबापूंना कोटा आहे?"

"हो काका. कोटा आहे."

"मग ठीक." आणि थोड्या वेगळ्या आवाजात, "मॅडम, तुम्ही लेकीसारख्या, म्हणून सांगतो. मी बोललोय लोकांत की या वेळी नाही आला तर मोडू. आता शब्द मागे घेता येत नाही. पण रूपाली सकाळपासून जेवली नाहीये. तेवढं बघा." आणि फोन ठेवला.

तोपर्यंत मला वाटत होतं की मी फक्त प्रशांतसाठी जागा शोधते आहे.

ऑफिस नवमीला दोनला बंद होतं. सर म्हणाले, "चल, घरून बघ." मी नाही गेले. तेही नाही गेले. समोरच्या हॉटेलातून भेळ मागवली आणि केबिनचं दार उघडं ठेवून बसले. मी दर दहा मिनिटांनी यादी उघडत होते. तीन वाजता जागा दोन. यादीत एक नवा सोनेरी आला आणि प्रशांत चौथा झाला. मला देवळालीचे मास्तर आठवले. साडेतीनला पुन्हा तिसरा. सर हळूच म्हणाले, "हा म्हणजे सत्यनारायणाच्या प्रसादाची वाट बघण्यासारखा प्रकार आहे." चार वाजून बारा मिनिटांनी मी यादी उघडली तर प्रशांत यादीत नव्हताच. मग तिकीट उघडलं. सीट अठ्ठावीस सी. कन्फर्म.

मी काही ओरडले वगैरे नाही. नुसती स्क्रीन सरांकडे वळवली. सरांनीच टेबलावर थाप मारली, भेळेचा कागद खाली पडला.

प्रशांतला मेसेज पाठवून ठेवला, फोन चालू केला की वाचेल. मंदामावशींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग उद्या तूपण यायचं मनमाडला. नाय म्हणायचं नाय." निकमकाकांनी विचारलं, "सीट नंबर लिहून घेतो, बोला. खिडकी आहे?" मी म्हटलं, खिडकी नाही, कडेची आहे. "असू दे. खिडकीतून दिसतं तरी काय तिथे."

दसऱ्याला मी अनोळखी लोकांच्या साखरपुड्याला जाईन असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण सर गाडी घेऊन दारात आले. हॉल मनमाडच्या स्टेशनपासून जवळ, पाहुणे ऐंशी-नव्वद. मी मागच्या रांगेतली खुर्ची धरली. प्रशांत सहाला उतरला होता, पण त्याची बॅग उतरली नव्हती. तिची वाट बघण्यात पाऊण तास गेला, मग ती सोडून तो निघाला. साडेअकराला चांदवड टोलनाक्यावर होता. बारा वाजता गुरुजी घड्याळ बघायला लागले. निकमकाका हॉलच्या दरवाजात उभे, पाठ ताठ, दोन्ही हात मागे. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण त्यांच्याशी बोलायला कोणी जात नव्हतं.

बारा वाजून अठरा मिनिटांनी गाडी आली.

प्रशांत उतरला तो कारखान्याच्या टी-शर्टमध्ये, दाढी वाढलेली, डोळे लाल. कोणीतरी मागून म्हणालं, "हा ड्रायव्हर का?" निकमकाकांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत नेलं. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात काकांचा रेशमी कुर्ता होता, दोन माणसं मावतील एवढा. रूपालीने एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावला. आधी मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते, म्हणजे हसत होती.

मुहूर्त साधला. अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या. गुरुजींचे आशीर्वादाचे मंत्र सुरू झाले, ते बरेच लांब होते. मी मागच्या खुर्चीवरून बघत होते म्हणून मला आधी दिसलं. प्रशांतची मान हळूहळू खाली जात होती. एकदा सावरली. पुन्हा गेली. मग तो लोडाला टेकला आणि, नव्वद माणसांसमोर, पाटावर बसल्या बसल्या, त्या ढगळ कुर्त्यात गाढ झोपून गेला.

कुजबुज सुरू झाली. मुलीकडचे कोणी काका पुढे सरकले, त्याला हलवायला. तेवढ्यात निकमकाका उठले. त्यांनी हात वर करून त्या माणसाला जागच्या जागी थांबवलं. गुरुजींकडे वळले आणि दबक्या आवाजात, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले,

"गुरुजी, हळू. जावई झोपलेत."

गुरुजींनी बाकीचे मंत्र ओठातल्या ओठात म्हटले. बाहेर वाजंत्रीवाल्यांना कोणीतरी पन्नास पावलं लांब पाठवून आलं. रूपाली त्याच्या शेजारी बसून राहिली, त्याच्या चेहऱ्यावरची माशी हाताने वारत. आणि बाजूच्या दालनात पंगत बसली, निकमकाका स्वतः वाढायला फिरत होते, तोंडावर बोट ठेवून. ताटावर वाटी आपटली की मागे वळून बघत होते. एवढे लोक एवढ्या शांतपणे जेवताना मी आयुष्यात पाहिले नाहीत. मला तर ते फारच आवडलं. कोणाशी काही बोलायचं नव्हतं आणि जिलेबी गरम होती.